तीन टिंबांची कॅन

बेल्याच्या बाजारात सोजरबाईचं नाव काढलं की माणूस आधी हसतो. "ती व्हय, मासोळीवाली," म्हणतो आणि कपाळाजवळ बोट फिरवतो. बाई उंच, काळीसावळी, हातात पितळी तांब्या, तांब्यात बोटभर लांबीची एक जिवंत मासोळी. अशी ती धरणाच्या तलावाभोवती भट्टी-भट्टीनं हिंडायची आणि दिसेल त्या कॅनमध्ये पाणी ओतून मासोळी सोडून बसायची. पोरंसोरं तिच्या मागं लागायची. मी चिडका माणूस आहे, मी त्यांना दुकानातून ओरडायचो. पण ती वेडी का झाली, हे मी कुणाला सांगितलं नाही. तिच्याखेरीज पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ठाऊक असलेला मी एकटाच होतो आणि मीच गप्प बसलो.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या या बेल्यात माझं खत-औषधांचं दुकान. औषध म्हणजे कापसावर फवारायचं जहर. ऐंशीनंतर आमच्या भागात जिकडेतिकडे कापूस झाला, बोंडअळी आली आणि माझं दुकान चाललं. दिवाळीपर्यंत फवारण्या आटोपत आणि पाच-पाच लिटरच्या रिकाम्या कॅना शेताच्या बांधावर पडून राहत. सोजरबाईचा नवरा लवकर गेला. शेत नव्हतं, भाऊबंद नव्हते. तिनं त्या कॅना गोळा करायला सुरुवात केली.

तलावाच्या काठानं मोहाच्या भट्ट्या होत्या. मोह चैत्रात पडतो, काठावरच्या खडकांवर वाळतो आणि तिथंच गाळला जातो. भट्टीवाल्यांना दारू भरायला भांडी लागत. सोजरबाई कॅना महिनाभर खड्ड्यात भिजवायची, राख आणि सोड्यानं तीनदा घासायची. शेवटी तिची परीक्षा असायची. तलावाच्या उथळ पाण्यातून पदरानं मासोळ्या धरायची, प्रत्येक कॅनमध्ये पाणी भरून एकेक सोडायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी मासोळी जिवंत असेल तरच चुलीत सळई तापवून कॅनच्या बुडाशी तीन टिंबं डागायची. मेली तर कॅन फोडून जाळायची. बारा वर्षं हाच क्रम. म्हणून तलावाभोवती तिच्या तीन टिंबांना मान होता. तो डाग असला की लोक कॅनचं तोंड हुंगूनही बघत नसत.

हे सगळं मला माहीत, कारण मी पिणारा. कशाला लपवू? दर चैत्रात एक दिवस दुकानाला कुलूप लावून मी तलावाची फेरी करायचो. राजदूत गाडीवर सकाळी निघायचं आणि दिवस मावळेपर्यंत प्रत्येक भट्टीची चव घ्यायची. नागोराव बोरांची गाळायचा, आंबटगोड, जिभेला झोंबणारी. धरणाच्या बांधाजवळच्या रेणुकाबाईची नुसत्या मोहाची, स्वच्छ, घशातून उतरल्यावर फुलाचा वास मागं ठेवणारी. पलीकडचा चंपतराव मोहात संत्र्याची वाळलेली साल टाकायचा. आणि लच्चय्याची शिंदी ऊन चढायच्या आत प्यावी लागे, नंतर ती आंबून डोकं धरायची. प्रत्येक भट्टीवर रीत एकच होती. यजमान आधी पळसाच्या पानाच्या दोन्यात ओतून स्वतः पिणार, मग पाहुण्याला देणार. पाहुण्यानं न पिता जायचं नाही. आणखी एक रीत म्हणजे कॅन भरून घ्यायची नाही, बदलून न्यायची. रिकामी ठेवा, भरलेली उचला आणि निघा. भट्टीजवळ माणूस रेंगाळला की पोलिसांची नजर जाते. त्यामुळे एकाची कॅन दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे अशी फिरत राहायची.

पंच्याण्णव साली आमच्या तेलुगू मुलखात सरकारनं दारूबंदी केली. सरकारी दुकानं बंद झाली तशा काठावरच्या भट्ट्या दुपटीनं पेटल्या आणि कॅना पुरेनाशा झाल्या. त्या चैत्रातल्या एका सकाळी मी दुकान उघडत होतो, तोच सोजरबाई पळत आली. तिच्या पायात चप्पल नव्हती.

आदल्या संध्याकाळी तिनं अकरा कॅना तयार केल्या होत्या. भाकरी झाल्यावर चुलीत निखारे लालभडक होते. सकाळी पुन्हा सरपण कशाला जाळायचं, म्हणून तिनं आधीच डाग देऊन टाकले आणि मग कॅनांत मासोळ्या सोडल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा क्रम उलटा झाला. पहाटे ती तलावावर गेली असताना नागोराव बैलगाडी घेऊन आला. भट्ट्यांना कॅना पोचवायचं काम त्याचं. त्यानं डाग बघितला, कॅनांतलं पाणी मासोळ्यांसकट बकरीच्या दगडी कुंडीत ओतलं आणि अकराच्या अकरा घेऊन गेला. सोजरबाई परत आली तेव्हा कुंडीत दहा मासोळ्या फिरत होत्या आणि एक उलटी पडली होती. ताठलेली, डोळे पांढरे झालेली.

"अकरातली एक खराब हाये, सुधाकरभाऊ," ती म्हणाली. "कोनती ते मले ठाव नाई. गाडी काढा."

मासोळी काय, अशीही मरते, असं मी म्हणालो. दुकान उघडायची वेळ होती, गिऱ्हाईक उभं होतं. चांगल्या कॅनमध्ये बारा वर्षांत एकही मेली नाही, ती म्हणाली. मग मला आठवलं, त्या हंगामात मी एक नवीन औषध विकलं होतं. त्याला वास फार कमी, म्हणून मीच गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचो की डोकं दुखणार नाही. उभ्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवलं. मी गाडी काढली.

नागोराव घरीच सापडला. अकरातली एक त्यानं स्वतःसाठी ठेवली होती, ती रिकामीच होती, आम्ही ती मागून घेतली. तीन रेणुकाबाईला, चार चंपतरावाला, तीन लच्चय्याला दिल्या होत्या. कॅना का हव्यात ते आम्ही त्याला सांगितलं नाही. बाहेर आल्यावर सोजरबाई म्हणाली की प्रत्येक ठिकाणी खरं सांगून टाकू. मी तिला अडवलं. एकदा तोंडातून निघालं की तीन टिंबांवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही, बारा वर्षांचं नाव एका सकाळी जाईल, असं मी तिला समजावलं. माझं दुकानही त्यात ओढलं जाईल, हे मी बोललो नाही, पण मनात तेच होतं.

"कॅन गळते म्हणून सांगा," मी म्हणालो. "बदलून देतो म्हणा. कॅन हाती आल्याशी मतलब."

तिला ते पटलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण गाडी माझी होती.

रेणुकाबाईच्या भट्टीवर तिचा नवरा केशवराव मडक्याखालची लाकडं सारत होता. आनंदी माणूस, मला बघितल्यावर त्यानं लगेच दोना उचलला. मी पोट बिघडलं म्हणून सांगितलं. "सुधाकरराव कोरडे वापस चालले, आज पाऊस येते," असं म्हणून तो मोठ्यानं हसला. सोजरबाईनं मान खाली घालून सांगितलं की कॅना गळतात, बदलून देते. रेणुकाबाईनं दोन काढून दिल्या, दोन्ही रिकाम्या. तिसरी सकाळीच गेली म्हणाली. पैनगंगेपलीकडचा एक पांढऱ्या फेट्याचा माणूस बदलून घेऊन गेला, नाव माहीत नाही, पण तो लच्चय्याकडे शिंदी घ्यायला जाणार होता. सोजरबाई थोडा वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. मी गाडीला किक मारली.

चंपतरावाकडे चारही कॅना भरून तयार होत्या. भरलेली कॅन गळते असं कसं सांगायचं? मी काहीतरी जुळवत होतो, तेवढ्यात सोजरबाई बोलून गेली. मासोळी, डाग, निखारे, सगळं एका दमात सांगितलं. चंपतराव तापट म्हणून प्रसिद्ध. मला वाटलं आता लाकूड उचलतो. पण एकेक कॅन उचलून त्यानं खड्ड्यात उलटी केली. वीस लिटर दारू, संत्र्याच्या सालीच्या वासासकट मातीत गेली. रिकाम्या कॅना त्यानंच माझ्या गाडीला दोरीनं बांधल्या आणि म्हणाला, "बरं झालं सांगतलं बाई. माहा बाप पेनार होता दुपारी."

त्या एका वाक्यानं माझे कान तापले. थोडं पुढं गेल्यावर सोजरबाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली. मागं फिरू, रेणुकाबाईला खरं सांगू, असं ती म्हणाली. मी म्हणालो, तिच्याकडची तिसरी तर गेली, आता तिला सांगून काय होणार? तो फेटेवाला आधी गाठायला हवा. बोलणं बरोबर होतं म्हणून ती पुन्हा बसली. बरोबर वाटणारं बोलणं मला नेहमीच जमतं.

लच्चय्यानं तिन्ही कॅना लगेच दिल्या. तो अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलायचा, पण मासोळीचं त्याला चटकन समजलं. फेटेवाला मात्र त्याच्याकडे आलाच नव्हता. आम्ही पैनगंगेच्या उतारावर गेलो. नावाड्याला विचारलं, गुराख्यांना विचारलं, पलीकडच्या दोन गावांत चौकशी केली. पांढरा फेटा दिसला की सोजरबाई गाडीवरून उडी मारायची. एका म्हाताऱ्याची तर तिनं पिशवी ओढून बघितली, त्यात ज्वारीचं पीठ निघालं. माझ्या जिभेला कोरड पडली होती. दुपारच्या उन्हात रस्ता दिसेनासा झाला. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कुठल्या तरी ओसरीवर चार माणसं गोल बसली असतील, कॅन मध्ये असेल आणि आम्ही कुणालाच ओळखत नाही.

"दहा तर पाहू," सोजरबाई म्हणाली. "यातच एक खराब निंगाली तं मंग जीव भांड्यात पडंल."

तलावाच्या काठावर बाभळीखाली तिनं दहाही कॅना ओळीनं मांडल्या, पाणी भरलं, पदरानं मासोळ्या धरून एकेक सोडली. वाईट कॅनमध्ये मासोळी घटकाभरात उलटते, रात्रभर ठेवायचं ते फक्त खात्रीसाठी, असं तिनं सांगितलं. मी आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलं नाही. त्या दिवशी मी मागत होतो की दहातली एक मासोळी मरू दे. कॅनच्या तोंडातून आत डोकावत होतो. घटका गेली, दुसरी गेली. दहाही फिरत होत्या.

सोजरबाईनं दहावी मासोळी तलावात सोडली. अकरावीच वाईट होती. ती म्हणाली की सकाळपासून तिला रेणुकाबाईचा चेहरा दिसून राहिला आहे, ती बाई बोलताना डोळ्याला डोळा देत नव्हती. मी आता काही बरोबर बोललो नाही. गाडी वळवली.

बांधाशी आलो तेव्हा दिवस कलला होता. मडक्याखालची लाकडं विझली होती. केशवराव मोहाच्या सावलीत पडला होता, तोंडातून लाळ गळत होती, अंगाला पाझर फुटल्यासारखा घाम, हातापायाचे स्नायू आपोआप उडत होते. मी त्याची पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी झाली होती. औषध विकणाऱ्याला हे ओळखायला डॉक्टर लागत नाही.

रेणुकाबाईला धड बोलता येत नव्हतं. कॅन गेलीच नव्हती, फेटेवाला कुणी नव्हताच, तिनं ती लपवली होती. "गळते म्हनलं तुमी," ती रडत म्हणाली, "म्हनून तुमी गेल्यावर पान्यानं भरून पायली मी. एक थेंब गळला नाई. मले वाटलं, सोजरबाईले माही कॅन दुसऱ्याले द्याची हाये. कॅना भेटतेत कुठं आता?" मग तिनं त्याच कॅनमध्ये दारू भरली. दुपारी इचोड्याचा एक ढाबेवाला आला, चाखली, थुंकली आणि म्हणाला की कडू लागते, काय मिसळलंत? भट्टीच्या इभ्रतीचा प्रश्न आला. केशवरावानं त्या माणसाला कॅनच्या बुडाची तीन टिंबं दाखवली. हा सोजरबाईचा डाग आहे, म्हणाला, आणि त्याच कॅनमधली तांब्याभर ओतून त्याच्यासमोर गटागटा प्याला.

अशा कॅनची मूठ आतून पोकळ असते. दाट औषध तिथं चढून बसतं, पाण्यानं पूर्ण निघत नाही, दारूनं मात्र विरघळतं. हे मला ठाऊक होतं. दुकानात बसून मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही केशवरावाला गाडीवर मध्ये बसवलं. मागं सोजरबाई बसली, तिनं दोन्ही हातांनी त्याला माझ्या पाठीशी दाबून धरलं. रेणुकाबाई बांधाच्या टोकापर्यंत धावत आली, मग मागं राहिली. रस्ता खडीचा. मी गाडी जितकी पळेल तितकी पळवली. मागून सोजरबाई त्याच्याशी सारखी बोलत होती. केशवभाऊ, डोळे उघडे ठेवा, आलंच आता आदिलाबाद, पोरी वाट पाहून राह्यल्या. त्याचा घाम माझ्या सदऱ्यातून पाठीला लागत होता. मी डॉक्टरला औषधाचं नाव काय सांगायचं ते मनात घोकत होतो, आणि ते नाव मीच सांगणार, मीच विकलेलं, याची लाज वाटत होती. पण तो वाचला असता तर मी ते चौकात उभं राहून ओरडून सांगितलं असतं.

आदिलाबादचा कापूस बाजार लागला आणि मागचं बोलणं थांबलं. मी वेग वाढवला. थोड्या वेळानं सोजरबाई म्हणाली, "सुधाकरभाऊ, आता गाडी हळू चालवा."

मी गाडी हळू केली. पुढं दवाखान्यात जायचं कारण उरलं नव्हतं. बाजाराच्या भिंतीकडेला मी गाडी उभी केली आणि तिथंच, गाडीवर बसूनच, रडलो.

रेणुकाबाईनं आमच्या पाया पडून एकच मागितलं. ऊन लागलं म्हणा. दारूबंदीचे दिवस, दारूनं मेला म्हटलं तर पोलीस येणार, भट्टी फुटणार, ती तुरुंगात आणि दोन पोरी उघड्यावर. सोजरबाई सरणापाशी सगळ्यांसमोर बोलायला पुढं झाली होती. रेणुकाबाईनं तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि सोडला नाही. चंपतराव आणि लच्चय्यानं गोष्ट आपल्यापाशीच ठेवली, आणि ऊन लागलं, असं बाकी सगळ्यांनी मानलं. त्या चैत्रात ऊन होतंच तसं.

त्यामुळे तीन टिंबांचं नाव शाबूत राहिलं. जे वाचवायला मी सकाळी खोटं सुचवलं, ते पुरतं वाचलं. दोन दिवसांनी नागोराव पुन्हा कॅना मागायला सोजरबाईच्या दारात उभा. तिनं त्याला हाकलून दिलं. सळई माझ्या दुकानात आणून टाकली आणि सांगितलं की पुन्हा डाग देणार नाही. नागोरावाचं काय अडणार? त्यानं बेल्यातल्या लोहाराकडून तशीच सळई करून घेतली. कॅना एकदा विसळायच्या, तीन टिंबं मारायची आणि भट्टीवर पोचवायच्या. लोक डाग बघून घेत राहिले. नागोरावाला मी काही म्हणालो नाही. काय म्हणणार होतो?

तेव्हापासून सोजरबाई तांब्या घेऊन हिंडायला लागली. आपला डाग जिथं दिसेल तिथं बसायची, कॅनमध्ये मासोळी सोडायची, घटकाभर बघायची. मजुरी करून आल्यावर जायची, सणावारी जायची. हा डाग माझा नाही, ठेवू नका विश्वास, असं ती सांगायची तेव्हा लोक तिचीच कीव करायचे. चंपतराव मेल्यावर त्याच्या पोरांनी तिला भट्टीवर येऊ देणं बंद केलं. दोनदा तिच्या मासोळ्या मेल्या आणि दोन्ही कॅना तिनं दगडानं फोडल्या. एकदा त्यासाठी भट्टीवाल्यांनी तिला मारलं. एकटी रेणुकाबाई तिला कधी अडवायची नाही. ती सगळ्या कॅना आणून पुढं ठेवायची आणि मासोळी फिरेपर्यंत शेजारी उभी राहायची. त्या दोघी एकमेकींशी काय बोलत असतील याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, काहीच नाही.

दारूबंदी उठली, सरकारी माल पुन्हा मिळू लागला, भट्ट्या कमी झाल्या. मी त्या चैत्रानंतर फेरीला गेलो नाही आणि दारूला शिवलो नाही. दुकान मात्र चालू ठेवलं, मला दुसरं काही येत नाही. एवढंच करू लागलो की औषध विकताना रिकामी कॅन परत आणायची अट घालायची आणि ती आली की शेगडीत तापवलेली सळई तिच्या बुडात आरपार घालायची. सळई तीच, सोजरबाईची. गिऱ्हाईक चिडायचं, चांगली कॅन काऊन बिघडवता म्हणायचं. मी त्याच्यापेक्षा जास्त चिडायचो.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर एका दुपारी सोजरबाई दुकानात आली. खूप वाळली होती, दिसायलाही कमी लागलं होतं. मी कॅना भोसकत बसलो होतो. साडेतीन वर्षं मनात होतं ते मी त्या दिवशी बोललो. म्हणालो, "बाई, गळते म्हणून सांगा, हे माझं वाक्य होतं. तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत?"

ती पायरीवर बसली, माझ्या हातातली कॅन घेतली, बुडाचं भोक बोटानं चाचपलं. मग तांब्यातली मासोळी एका मुठीत धरून तांब्यातलं पाणी तिनं कॅनमध्ये ओतलं. खालून धार लागली आणि पायरी ओली झाली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती वाकून बघत राहिली.

"आता गळते," ती म्हणाली.

मग मासोळी तडफडत होती म्हणून तिनं घाईनं तांब्या पुढं केला आणि मी माठातलं पाणी ओतलं.